भुईकाट्याचं ॲपलेट, त्यावरची सही अन् जावाची परवानगी

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते बाकीच्यांना बी कळंल. लातूरला तुमची डाळ मिल, गेटवर भुईकाटा, काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलनं पीसीला जोडलेला, अन् पावतीच्या वेबपेजमध्ये एक जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरच्या पेजमध्ये चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम, जे काट्याचं वजन वाचून पेजवर टाकतं. ॲपलेट २००९ च्या आसपास बनवून घेतलेलं, बनवणारा आता फोन उचलत नाही. नव्या पीसीवर एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसारखं चालणाऱ्या मोडमध्ये, जावा ८ टाकून पेज उघडलं तर आधी 'सिक्युरिटी सेटिंगमुळे ब्लॉक' असं आलं, तुम्ही मिलच्या सर्व्हरचा पत्ता जावाच्या एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये, म्हणजे 'या साइटला चालू द्या' अशा यादीत, टाकला तर ॲपलेट सुरू झालं पण वजन येईना, अन् जावा कन्सोलमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' अन् पुढं 'लोड लायब्ररी' अशी ओळ. मग मित्रानं जावाच्या पॉलिसी फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या कोडला काय करू द्यायचं ते लिहिलेल्या फाइलीत, ऑल परमिशनची तीन ओळींची ग्रँट म्हणजे परवानगी टाकून दिली अन् काटा चालू झाला. आता तुम्ही विचारताय की हे असंच ठेवलं तर चालंल का, ॲपलेटवर डिजिटल सही करूनच घ्यायची तर कशी, अन् मालकाचं डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं टोकन आहे त्यानं होईल का.

पहिलं काम, ती ग्रँट आजच काढा. बाकीचं उत्तर निवांत वाचा पण हे आधी करा. त्या तीन ओळींमध्ये कोणत्या पत्त्यावरून आलेल्या कोडला परवानगी द्यायची ते लिहिलेलंच नाही, म्हणजे त्या पीसीवर कुठल्याही साइटवरून कुठलंही ॲपलेट आलं अन् ते सुरू झालं की त्याला सगळं मोकळं, फाइल वाचा, पुसा, प्रोग्राम चालवा. काट्याच्या पीसीवर आडतीचा हिशोब असतो, बँकेचं पासवर्ड सेव्ह केलेलं असतं, तिथंच पोरं दुपारी गाणी डाउनलोड करतात. मित्राचा हेतू चांगला होता, गाड्या उभ्या असल्यावर माणूस काहीही करतो, पण वाड्याचं एक दार अडलं म्हणून सगळी भिंतच पाडली असं झालं ते.

आता मूळ प्रश्न. ॲपलेटला परवानगी कामून लागते? जावा १९९६ ला आलं तेव्हापासून ब्राउझरमधल्या ॲपलेटला सँडबॉक्स नावाच्या कुंपणात कोंडलेलं आहे, ते पीसीवरच्या फाइल वाचू शकत नाही, ज्या सर्व्हरवरून आलं त्याच्याशिवाय दुसरीकडं कनेक्शन करू शकत नाही, अन् नेटिव्ह लायब्ररी म्हणजे विंडोजची डीएलएल नावाची कोडची फाइल लोड करू शकत नाही. सिरियल पोर्ट वाचायला डीएलएल लागतेच, तुमची 'लोड लायब्ररी' वाली ओळ तिथली आहे. यातून बाहेर यायचा रस्ता १९९७ ला जावा १.१ मध्ये आला, सही केलेलं ॲपलेट. त्या काळात नेटस्केपची सही करायची रीत वेगळी, मायक्रोसॉफ्टची कॅब फाइलची रीत वेगळी, एकच ॲपलेट दोन तऱ्हेनं बांधावं लागायचं. १९९८ च्या डिसेंबरला जावा १.२ आलं अन् की बनवायचं कीटूल, सही करायचं जारसाइनर ही आजची हत्यारं त्यात आली, पुढं ब्राउझरमध्ये ॲपलेट चालवणाऱ्या जावाच्या स्वतःच्या प्लगइनमुळं सगळ्या ब्राउझरला एकच रीत झाली.

सहीचा अर्थ काय होतो हे मी आमच्या जालन्याच्या लोकांना बियाण्याच्या पिशवीवरून सांगतो. पिशवीवर कंपनीचं नाव, लॉट नंबर, वरून शिवण अन् सील. ते बघून तुम्हाला दोनच गोष्टी कळतात, माल कोणी भरला अन् भरल्यानंतर कोणी पिशवी उघडली नाही. सोयाबीन उगवंल का नाही हे सील सांगत नाही. जार फाइल म्हणजे ॲपलेटच्या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, तिच्यावरची सही अगदी तेवढंच सांगते. आतमध्ये मेटा-इन्फ नावाच्या फोल्डरात मॅनिफेस्ट फाइल असते, तिच्यात प्रत्येक क्लास फाइलचा, म्हणजे कोडच्या फाइलीचा, हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), दुसरी एक एसएफ फाइल, तिच्यात त्या मॅनिफेस्टचे हॅश, अन् तिसऱ्या फाइलीत त्या एसएफवर तुमच्या प्रायव्हेट कीनं, म्हणजे फक्त तुमच्यापाशी असलेल्या गुप्त किल्लीनं, केलेली सही आणि सोबत तुमची ओळख सांगणारं सर्टिफिकेट. एखाद्या क्लासमध्ये एक बाइट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही अन् जावा ती फाइल घेत नाही. पण कोड चांगला आहे का वाईट, हुशारीनं लिहिलाय का घाईत, याच्याशी सहीचा काही संबंध नाही. वापरणारा 'रन' दाबतो तेव्हा तो नावावर भरोसा ठेवतो अन् प्लगइन त्या ॲपलेटला सँडबॉक्समधून बाहेर काढून पूर्ण परवानगी देतं, फक्त कॉम पोर्टची नाही, सगळीच. म्हणून सही करणाऱ्यानं आधी कोड वाचावा ही माझी पहिल्यापासूनची अट आहे, कोणी नुसती जार पाठवून 'सही करून द्या' म्हणलं तर मी करत नाही.

तुमच्या जारला तर आधीच सही असणार, मग ते सँडबॉक्समध्ये कामून अडकलं? माझा अंदाज पक्का आहे, तरी तुम्ही तपासून बघा. जावा १.५ च्या काळात आरएसए प्रकारच्या कीनं जारसाइनर चालवलं की डिफॉल्ट सही एमडी५ वाली, म्हणजे हॅश काढायच्या जुन्या रीतीची, व्हायची. एमडी५ मोडता येतं हे कधीचं सिद्ध झालंय, म्हणून एप्रिल २०१७ च्या अपडेटपासून, म्हणजे जावा ८ अपडेट १३१ पासून, एमडी५ ची सही असलेली जार जावा बिनसहीची समजतं. बिनसहीची जार एक्सेप्शन लिस्टमुळं सुरू तर होते पण सँडबॉक्समध्येच राहते, अन् डीएलएलपाशी आली की अडते. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत. नव्या जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या डेव्हलपर किटच्या, जारसाइनरनं व्हेरिफाय करून बघा, ते स्पष्ट लिहितं की कमजोर अल्गोरिदममुळं ही जार अनसाइन्ड धरली जाईल. नेटवर कोणी सांगंल की जावाच्या सिक्युरिटी फाइलमधून एमडी५ चं नाव काढून टाका म्हणजे चालंल, ते करू नका, त्यापेक्षा नवी सही करायला एक तास लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. जारची एक कॉपी बाजूला ठेवा. कॉपीतून मेटा-इन्फ मधल्या जुन्या एसएफ अन् आरएसए किंवा डीएसए फाइल काढून टाका, जुन्या सहीवर नवी सही असा गोंधळ नको. मग मॅनिफेस्टमध्ये लागणाऱ्या ओळी घाला, हे सहीच्या आधी, कारण नंतर जारला हात लावला की सगळं परत. चार ओळी महत्त्वाच्या. परमिशन्स, तिची किंमत ऑल-परमिशन्स. ही ओळ नसली तर जानेवारी २०१४ च्या जावा ७ अपडेट ५१ पासून ॲपलेट थेट ब्लॉक होतं. दुसरी कोडबेस, तिच्यात तुमच्या मिलच्या सर्व्हरचा पत्ता, म्हणजे ही जार फक्त तिथूनच चालंल, याच्याबद्दल खाली सविस्तर सांगतो. तिसरी ॲप्लिकेशन-नेम, म्हणजे विचारणाऱ्या खिडकीत नीट नाव दिसतं. चौथी कॉलर-अलाउएबल-कोडबेस, पेजवरच्या जावास्क्रिप्टनं ॲपलेटला हाक मारायची असंल तर कोणत्या साइटच्या जावास्क्रिप्टला ती मुभा ते तिच्यात लिहायचं. एक बारीक गोष्ट जिच्यामुळं लोकांचे दिवस गेलेत, ज्या टेक्स्ट फाइलीतून या ओळी घालताय तिच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला पाहिजे, नसला तर शेवटची ओळ गुपचूप गळते अन् एरर बी येत नाही.

मग कीटूलनं की बनवा. अल्गोरिदम आरएसए अन् साइज २०४८ हे स्वतः लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. अन् व्हॅलिडिटी, हे तर ठळक लक्षात ठेवा, काहीच लिहिलं नाही तर सर्टिफिकेट फक्त ९० दिवसांचं बनतं. तुरीच्या आवकीत सही केली तर उन्हाळा लागायच्या सुमाराला संपलं. आतल्या वापरासाठी तीन वर्षं, म्हणजे १०९५ दिवस ठीक आहे. नाव विचारतं तिथं मिलचं खरं नाव लिहा, 'टेस्ट' किंवा 'अननोन' असं ठेवू नका, ते नावच तर वापरणाऱ्याला दिसणार आहे. मग जारसाइनर, त्याला कीस्टोअर म्हणजे की ठेवलेली फाइल, जार अन् एलियस म्हणजे कीला दिलेलं नाव द्या, अन् टीएसए पर्यायात कोणत्यातरी टाइमस्टॅम्प सर्व्हरचा पत्ता द्या. टाइमस्टॅम्प म्हणजे ही सही सर्टिफिकेट चालू असताना झाली होती याची तिऱ्हाइताची साक्ष. ती असली तर सर्टिफिकेट पुढं संपलं तरी आधीची सही चालते, नसली तर ज्या दिवशी सर्टिफिकेट संपलं त्या दिवशी काटा बंद. सही करायच्या वेळी नेट लागतं एवढंच, गेटवरच्या पीसीला नंतर लागत नाही.

सर्टिफिकेट कोणाचं? तुमच्यासमोर दोन रस्ते. एक, सीए म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडून कोड साइनिंग सर्टिफिकेट विकत घ्यायचं, त्याचं रूट म्हणजे मूळ सर्टिफिकेट जावात आधीपासून असतं म्हणून जगातल्या कोणत्याही पीसीवर चालतं. पण १ जून २०२३ पासून या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की टोकनसारख्या हार्डवेअरमध्येच ठेवायचा नियम झाला, म्हणजे टोकन आलं, दरवर्षीचा खर्च आला. मिलच्या आत तीन पीसी आहेत तर एवढं कशाला? दुसरा रस्ता घ्या, सेल्फ-साइन्ड म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट बनवा, कीटूलनं त्याची पब्लिक बाजू एक्सपोर्ट करा, तिन्ही पीसीवर जावा कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी, मॅनेज सर्टिफिकेट्स, तिथं साइनर सीए मध्ये इंपोर्ट करा. आता त्या पीसींसाठी तुम्ही ओळखीचे झालात. हे झालं की एक्सेप्शन लिस्टमधली नोंद काढून टाका. सेल्फ-साइन्ड वाईट असं लोक सरसकट म्हणतात, ते परक्या माणसाच्या पीसीसाठी खरं आहे, कारण स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्यावर परक्यानं कामून विश्वास ठेवावा? पण जिथं पीसी तुमचे, सर्व्हर तुमचा अन् सर्टिफिकेट तुम्ही स्वतःच्या हातानं नेऊन बसवलं, तिथं ते सगळ्यात स्वच्छ काम आहे.

मालकाच्या डीएससीचं मात्र नाही. ते टोकन जीएसटीसाठी, टेंडरसाठी, कंपनीच्या फाइलिंगसाठी आहे, आयटी कायदा २००० खाली ती त्या माणसाची कागदावरच्या सहीसारखी सही आहे. त्या सर्टिफिकेटमध्ये कोड साइनिंगचा वापर लिहिलेला नसतो, जारसाइनर तसा इशारा बी देतं, अन् भारतीय डीएससीचं रूट जावाच्या यादीत नसतं म्हणून ते तसं बी ओळखलं जात नाही. पण त्याच्यापेक्षा मोठं कारण, मालकाची सही काट्याच्या पोराच्या हाताला लागायलाच नको. पिन एका कागदावर लिहून टोकन ड्रॉवरमध्ये, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की सांगताना बी त्रास होतो.

आता ज्या ठिकाणी तुम्ही नक्की अडकणार ते सांगतो, सगळ्यात जास्त वेळ याच्यावर द्या. तुम्ही सही केली, सर्टिफिकेट बसवलं, ॲपलेट 'रन' म्हणून सुरू झालं, अन् पेजवरचं 'वजन घ्या' बटण दाबलं की परत तेच ॲक्सेस डिनाइड. तेव्हा वाटंल सहीच चुकली, अन् मित्राच्या ग्रँटनं तर चालत होतं. सही बरोबर असते. जावा परवानगी तपासताना फक्त जो कोड शेवटी पोर्ट उघडतो त्याला बघत नाही, त्याला कोणी हाक मारली, त्याला कोणी, अशी सगळी साखळी मागपर्यंत बघतं अन् त्या साखळीतल्या एकाला जरी परवानगी नसली तरी नाही म्हणतं. बटण दाबल्यावर साखळीच्या सुरुवातीला पेजवरची जावास्क्रिप्ट असते, अन् जावास्क्रिप्टवर तुमची सही नाही. मित्राच्या ग्रँटमध्ये पत्ताच नव्हता म्हणून ती जावास्क्रिप्टला बी मिळत होती, म्हणून चालत होतं. ही तपासणी बरोबरच आहे, नाहीतर कोणीही परक्या पेजवरून सही केलेल्या ॲपलेटच्या खांद्यावर बंदूक ठेवून काम करून घेईल.

यावर सगळीकडं सांगितलेला उपाय म्हणजे ॲक्सेस कंट्रोलरचं डू-प्रिव्हिलेज्ड. तेवढा कोडचा तुकडा त्याच्यात गुंडाळला की जावा साखळी तिथंच थांबवतं, 'इथून मागचं मी माझ्या जबाबदारीवर घेतलं' असं तुमचा कोड म्हणतो. चालतं. पण हे वाक्य पुन्हा वाचा, माझ्या जबाबदारीवर. लोक काय करतात, वजन घ्यायच्या मेथडला पोर्टचं नाव जावास्क्रिप्टकडून पाठवतात, फाइलचा पाथ पेजवरून पाठवतात अन् आतमध्ये सगळं डू-प्रिव्हिलेज्ड मध्ये. एका ठिकाणी मला असंच एक सही केलेलं ॲपलेट तपासायला दिलं होतं, पावत्या डिस्कवर सेव्ह करायचं. मेथडला पाथ अन् मजकूर दोन्ही बाहेरून. मी ती जार उचलून माझ्या लॅपटॉपवरच्या एका साध्या पेजवर ठेवली, त्यांच्याच ऑफिसच्या पीसीवरून ते पेज उघडलं, तिथं त्यांच्या नावावर 'ऑलवेज ट्रस्ट' आधीच टिक केलेलं, त्यामुळं काही न विचारता माझ्या पेजनं त्यांच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये फाइल लिहिली. त्यांचा सर्व्हर हॅक झाला नव्हता, की चोरी गेली नव्हती, सही अस्सल होती. सीलबंद पिशवी तीच, फक्त ती दुसऱ्याच्या शेतात नेऊन उघडली. मॅनिफेस्टमधली कोडबेस ओळ याच्यासाठीच आली, २०१३ मध्ये, अन् ती ओळ तुम्ही तारका टाकून मोकळी सोडू नका, नेमका पत्ता लिहा.

तुमच्या कामाला तर डू-प्रिव्हिलेज्डची गरजच पडू नये असं मला वाटतं. पोर्ट उघडायचं काम ॲपलेटच्या इनिट मध्ये, म्हणजे ॲपलेट सुरू होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, करा, तिथं साखळीत जावास्क्रिप्ट नसते, प्लगइन स्वतः हाक मारतं. मग एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे बाजूनं सतत चालणारं काम, सुरू करा जो इंडिकेटरकडून येणारा डेटा सतत वाचत राहील अन् शेवटचं स्थिर वजन एका व्हेरिएबलमध्ये ठेवील. बटणाची मेथड फक्त ते व्हेरिएबल परत देईल. तिला परवानगीच लागत नाही कारण ती काही उघडत नाही, वाचत नाही, अन् बाहेरून काही घेत बी नाही. कॉम पोर्टचा नंबर अन् बॉड रेट म्हणजे डेटाचा वेग ॲपलेटच्या आतच पक्का लिहा, पेजवरून घेऊ नका. पोर्ट बदलला तर परत बिल्ड करून परत सही करा, वर्षातून एकदा होणारं काम आहे ते. सोर्स कोड नाही म्हणाल तर जावाचा क्लास डिकंपाइल होतो, म्हणजे त्यातून कोड परत काढता येतो, हे ॲपलेट दोन-अडीचशे ओळींच्या वर नसणार, नव्यानं लिहिलं तरी दोन दिवस.

सिरियलची लायब्ररी, बहुतेक आरएक्सटीएक्स असंल, तिची जार वेगळी असते. तिच्यावर बी त्याच कीनं सही करा. एक जार सहीची अन् एक बिनसहीची असं मिश्र ठेवलं की जावा वेगळा इशारा देतं अन् मग वापरणारा काहीतरी दाबून मोकळा होतो. अन् डीएलएल ३२ बिटची का ६४ ची ते जावाच्या बिटशी जुळलं पाहिजे, ते नाही जुळलं तर एरर वेगळी येते, 'अनसॅटिस्फाइड लिंक' म्हणून, तिचा अन् सहीचा काही संबंध नाही, त्यात सही परत परत करत बसू नका.

जावाच्या अपडेटबद्दल एक माझाच अनुभव. १४ जानेवारी २०१४, संक्रांतीचा दिवस, त्याच दिवशी जावा ७ अपडेट ५१ आलं. जालन्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी बसवलेलं काट्याचं ॲपलेट होतं, सेल्फ-साइन्ड, मॅनिफेस्टमध्ये परमिशन्सची ओळ नाही, अन् पीसीवर ऑटो-अपडेट चालू. दोन-चार दिवसांत ते अपडेट आपोआप बसलं अन् सकाळी काटा बंद, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी रात्री तीनला घरून निघालेले, थंडीत गाडीवर बसून. मी पोचेस्तोवर दुपार झाली. येणार-येणार म्हणून ओरॅकलनं आधी सांगितलेलं होतं, मी वाचलेलं बी होतं, पण सीझन संपल्यावर करू म्हणून ठेवलं. ते माझ्याकडून व्हायला नको होतं, अन् तेव्हापासून सीझनमध्ये चालणाऱ्या कोणत्याही मशीनचं अपडेट मी आधी एका बाजूच्या पीसीवर चालवून बघतो, मगच गेटवर. अपडेट बंद करून ठेवा असं मी म्हणत नाही, आधी तपासा अन् मग बसवा असं म्हणतोय.

कीस्टोअर फाइलबद्दल. ती म्हणजे मिलचा शिक्का आहे. ती जर सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये अन् पासवर्ड 'चेंजइट' सारखा सगळ्यांना माहीत असलेला, तर कोणीही तुमच्या नावानं काहीही सही करून तुमच्या तिन्ही पीसीवर चालवू शकतो, अन् ते पीसी एक शब्द विचारणार नाहीत कारण तुम्हीच त्यांना सांगितलंय की या नावावर भरोसा ठेवा. दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, एक तिजोरीत चेकबुकाशेजारी, एक मालकाच्या घरी. सही करायला ज्या लॅपटॉपवर कॉपी केली तिथून काम झालं की पुसा. अन् ज्याला सही करायचा अधिकार तो एकच माणूस ठरवा.

आता जे ऐकून तुम्हाला वाईट वाटंल ते. ही सगळी मेहनत या सीझनसाठी आहे, फार तर पुढच्या. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये व्हर्जन ४५ ला जावा प्लगइनचा दरवाजा कायमचा बंद केला, फायरफॉक्सनं मार्च २०१७ ला ५२ मध्ये, इंटरनेट एक्स्प्लोररचं व्हर्जन ११ बी जून २०२२ मध्ये निवृत्त झालं अन् आता एजच्या आयई मोडवर जीव आहे. जावानं स्वतः सप्टेंबर २०१८ च्या ११ नंबरमधून प्लगइन काढलं. म्हणून तुम्हाला जावा ८ वरच बसावं लागतंय, अन् ओरॅकलच्या जावा ८ चे धंद्यासाठीचे फुकट अपडेट जानेवारी २०१९ नंतर बंद झाले. म्हणजे काट्याचा पीसी जुन्या जावावर राहणार, मग त्याला नेटपासून तोडा, फक्त मिलच्या सर्व्हरपर्यंतच जाऊ द्या. राउटरमध्ये तेवढी एक सेटिंग करायला कोणालाही जमंल.

ॲपलेटच्या जागी काय, तर माझ्या मते दोन चांगले रस्ते आहेत. एक, त्याच पीसीवर छोटा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवायचा जो पोर्ट वाचतो अन् १२७.०.०.१ वर, म्हणजे लूपबॅक या त्याच पीसीच्या आतल्या पत्त्यावर, वजन देतो, पेज तिथून घेतं. पण याला बी तोच प्रश्न आहे जो ॲपलेटला होता, विचारतंय कोण? तो प्रोग्राम फक्त लूपबॅकवर ऐकला पाहिजे, सगळ्या नेटवर्कवर नाही, अन् येणाऱ्या रिक्वेस्टचा ओरिजिन (विचारणाऱ्या पेजची साइट) तुमच्या सर्व्हरचाच आहे का ते त्यानं बघितलं पाहिजे, नाहीतर सही गेली अन् दार उघडंच राहिलं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, क्रोम अन् एजमध्ये व्हर्जन ८९ पासून, २०२१ पासून, वेब सिरियल आहे, म्हणजे पेजला सिरियल पोर्ट वाचू देणारी सोय. पेज पोर्ट मागतं, ब्राउझर यादी दाखवतो, काट्यावरचा माणूस त्यातला एक पोर्ट निवडतो, अन् पेजला तेवढा एकच पोर्ट मिळतो, तुमची डिस्क नाही, डीएलएल नाही. ॲपलेटच्या सहीत ही गोष्ट कधीच जमली नाही, तिथं एक पोर्ट पाहिजे असला तरी घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागायच्या. पेज एचटीटीपीएसवर असावं लागतं एवढी अट आहे. इंडिकेटर बहुतेक साधी अक्षरांची ओळ पाठवत असंल, दहा-बारा अंक अन् शेवटी एंटर, ती जावास्क्रिप्टमध्ये वाचायला शंभर ओळी पुरतात. तुरीची आवक ओसरली की हे काम हातात घ्या, सोयाबीन दसऱ्याला सुरू व्हायच्या आत चालू करून ठेवा, मधले महिने काटा मोकळा असतो तेव्हा खऱ्या गाड्यांवर दोन्ही बाजूनं वजन घेऊन ताळा जुळवून बघा.

आत्तासाठी मात्र, सही करून झाली की जार सर्व्हरवर टाकायच्या आधी जारसाइनर व्हेरिफाय चालवा, सोबत व्हर्बोज अन् कीस्टोअर द्या. प्रत्येक क्लासच्या ओळीच्या सुरुवातीला बारकी अक्षरं येतात, एस म्हणजे सही जुळली, एम म्हणजे मॅनिफेस्टमध्ये नोंद आहे, के म्हणजे सर्टिफिकेट तुमच्या कीस्टोअरमध्ये सापडलं. प्रत्येक क्लासपुढं तिन्ही दिसली पाहिजेत, एखाद्या क्लासपुढं एस नसला तर ती फाइल सहीनंतर कोणीतरी आत टाकलेली असू शकते, शोधा कोणी ते. मग जार सर्व्हरवर टाका, तिन्ही पीसीवर जावा कंट्रोल पॅनेलमधून टेम्पररी फाइल डिलीट करा नाहीतर जावा जुनीच जार कॅशमधून काढून चालवत राहतं, पॉलिसी फाइल मूळची आहे ना ते परत एकदा उघडून बघा, अन् मगच पहिली गाडी काट्यावर घ्या.